वर्गाबाहेर कोणाला काढलं जातं?

डिसेंबर 1957. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराचं सेंट्रल हायस्कूल. जेवणाची सुट्टी झालेली. सोळा वर्षांची मिनिजिन ब्राउन हातात ट्रे घेऊन टेबलांच्या रांगांमधून वाट काढत होती. ट्रेमध्ये चिलीचा, म्हणजे खिमा आणि राजम्याच्या रश्श्याचा वाडगा होता. बसलेली गोरी मुलं तिच्या वाटेत मुद्दाम खुर्च्या सरकवत होती. सप्टेंबरमध्ये लष्कराच्या संरक्षणात या शाळेत पाऊल टाकलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ती एक होती, आणि तेव्हापासून ढकलणं, शिव्या देणं, पाय घालून पाडणं हे तिच्या रोजच्या दिवसाचा भाग झालं होतं. त्या दुपारी तो वाडगा दोन गोऱ्या मुलांच्या अंगावर पालथा झाला. खोलीभर शांतता पसरली, आणि मग उपाहारगृहात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाळेनं मिनिजिनला सहा दिवसांसाठी सस्पेंड केलं. पुढं फेब्रुवारीत कुलपं भरलेली पर्स तिच्या अंगावर फेकली गेली. तिनं उलट शिवी हासडली, आणि शाळेनं तिला कायमचं काढून टाकलं. ती न्यूयॉर्कला गेली आणि केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या घरी राहून शिकली. याच क्लार्क दांपत्यानं लहान मुलांपुढं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून केलेले प्रयोग 1954च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' खटल्यात मांडले गेले होते. शाळांमधलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवणारा तो निकाल.

मिनिजिनच्या गोष्टीत पुढच्या सत्तर वर्षांचं बीज आहे. न्यायालयानं शाळेचा दरवाजा उघडायला लावला. पण दरवाजाच्या आत कोणाच्या कोणत्या वागण्याला काय म्हणायचं, कोणाला समज द्यायची आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवण्याचा अधिकार होता त्याच हातांत राहिला. निकालानंतर दक्षिणेत आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी होते. काळ्यांच्या शाळा बंद करून मुलं गोऱ्यांच्या शाळांत घातली गेली, पण त्यांच्या शिक्षकांना त्या शाळांनी सामावून घेतलं नाही. 1954 ते 1965 या काळात सुमारे 38,000 कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. ज्या मोठ्या माणसांना ही मुलं घरादारासकट ओळखीची होती, ती माणसंच शाळेतून नाहीशी झाली.

आकड्यांत दिसणारी दरी

1975मध्ये मेरियन राइट एडेलमन यांच्या 'चिल्ड्रन्स डिफेन्स फंड' या संस्थेनं देशभरातल्या सस्पेन्शनचा अहवाल काढला. कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात सस्पेंड होतात, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ओहायोमधल्या 'गॉस विरुद्ध लोपेझ' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: मुलाला दहा दिवसांपर्यंत घरी पाठवायचं असलं तरी आरोप काय आहे ते त्याला सांगितलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. त्याआधी देशभर लागू असलेलं तेवढंही बंधन नव्हतं. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत हे 'ऐकून घेणं' मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या दोन मिनिटांत उरकतं.

आज हे आकडे अमेरिकेचं केंद्रीय शिक्षण खातं देशातल्या सगळ्या सरकारी शाळांकडून गोळा करतं. 2017-18 या शालेय वर्षात एकूण विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं 15 टक्के होती. शाळेबाहेरचं सस्पेन्शन झालेल्यांमध्ये मात्र ती 38 टक्के होती. 2013-14मध्ये बालवाडीतल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय 19 टक्के होते आणि सस्पेंड केलेल्या बालकांमध्ये 47 टक्के. ज्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, अशी ही तीन-चार वर्षांची मुलं आहेत. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2018मध्ये हेच आकडे पुन्हा तपासले. त्यांना आढळलं की श्रीमंत वस्तीतली शाळा असो की गरीब, नेहमीची सरकारी असो की चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणारी), ही तफावत सगळीकडे आहे. देशभरातल्या मुलांचे 2015-16 या एकाच वर्षात सस्पेन्शनपायी शिक्षणाचे एक कोटी दहा लाखांहून अधिक दिवस बुडाले.

हे दिवस नुसते हजेरीपटावर बुडत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात 2002मध्ये शाळांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. शेजारशेजारच्या गल्ल्यांतली मुलं वेगवेगळ्या शाळांत गेली. काही शाळा कडक होत्या, काही सौम्य. अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. अधिक कडक शाळेच्या वाट्याला आलेली मुलं पुढं अटक आणि तुरुंगवासापर्यंत पोचण्याची शक्यता 15 ते 20 टक्क्यांनी जास्त निघाली. वस्ती सारखी, घरं सारखी, फरक शाळेच्या शिक्षेचा होता.

'उद्धट' कोणाला म्हणायचं?

या तफावतीवर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: काळी मुलं जास्त दंगा करत असतील, म्हणून त्यांना जास्त शिक्षा होत असेल. हा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही.

इंडियाना विद्यापीठाचे रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002मध्ये एका मोठ्या शहराच्या 19 माध्यमिक शाळांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना मुख्याध्यापकांकडे धाडण्याची कारणं सहज दाखवता येतील अशी होती: सिगारेट ओढली, न विचारता शाळेबाहेर गेला, मोडतोड केली, अश्लील बोलला. काळ्या मुलांची कारणं वेगळी होती: अनादर केला, फार आवाज केला, धमकावलं, विनाकारण रेंगाळला. सिगारेट ओढली की नाही हे कोणीही सांगू शकतं. अनादर झाला की नाही हे मात्र ज्याला तसं वाटलं तोच सांगू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात 'जाणूनबुजून अवज्ञा' असं एक कलम आहे. टोपी काढली नाही, मोबाइल खिशात ठेवला नाही, उलट उत्तर दिलं, बाकावर डोकं ठेवून झोपला, असलं काहीही या कलमात बसतं. 2012-13मध्ये राज्यातल्या सस्पेन्शनपैकी सुमारे 43 टक्के याच एका कलमाखाली झाली होती.

येल विद्यापीठाचे वॉल्टर गिलियम यांनी 2016मध्ये बालवाडीशी संबंधित 135 शिक्षक-कर्मचाऱ्यांना काही चित्रफिती दाखवल्या. पडद्यावर चार मुलं खेळत होती: एक काळा मुलगा, एक काळी मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. कोण खोडी काढतंय यावर लक्ष ठेवा, असं शिक्षकांना सांगितलं होतं. खरं तर त्या चित्रफितींत कोणीच खोडी काढत नव्हतं. शिक्षकांची नजर कुठं खिळते हे यंत्र टिपत होतं, आणि ती सर्वाधिक काळ्या मुलावर खिळत होती. कोणाकडे जास्त लक्ष द्यावं लागलं, असं विचारल्यावर 42 टक्के जणांनी त्याच मुलाकडे बोट दाखवलं. ही नजर कृष्णवर्णीय शिक्षकांचीही होती.

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी शिक्षकांना एका मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. चुका त्याच, फक्त मुलाचं नाव बदललेलं. पहिल्या चुकीला शिक्षकांची प्रतिक्रिया सारखीच होती. दुसऱ्या चुकीनंतर मात्र काळं वाटणारं नाव असलेल्या मुलाबद्दल ते जास्त अस्वस्थ झाले, त्याला जास्त कडक शिक्षा द्यावीशी वाटली, आणि हा मुलगा मुळातच असा आहे या निष्कर्षावर ते लवकर आले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2014मध्ये जॉन पॉल राइट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की मुलाचं लहानपणापासूनचं वागणं हिशेबात धरलं तर ही तफावत उरत नाही. गरिबी, घरातली ओढाताण, अवतीभवतीची हिंसा यांचा मुलाच्या वागण्यावर परिणाम होतो हे कोणी नाकारणार नाही, आणि अमेरिकेत या गोष्टी काळ्यांच्या वाट्याला जास्त आल्या आहेत. पण लुइझियानातल्या एका अभ्यासानं वेगळी वाट धरली. एक काळा आणि एक गोरा मुलगा एकमेकांशी भांडले, अशीच प्रकरणं संशोधकांनी निवडली. भांडण एकच होतं, तरी काळ्या मुलाची शिक्षा थोडी जास्त निघाली: दर वीस भांडणांमागे साधारण एक दिवस. हा फरक छोटा आहे. पण मूल भांडणापाशी पोचण्याआधी शेकडो छोट्या प्रसंगांतून गेलेलं असतं, आणि त्यातल्या प्रत्येकात हा छोटा फरक मिसळत गेला तर बारावीपर्यंत त्याचा डोंगर होतो.

झिरो टॉलरन्सची वर्षं

1990च्या दशकात ही दरी आणखी रुंदावली. 1994च्या केंद्रीय कायद्यानं शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष काढून टाकणं सक्तीचं केलं. बंदुकीपुरतं त्यात गैर काही नव्हतं. पण शाळा-मंडळांनी तोच न्याय, म्हणजे कसलीही सूट न देणारा 'झिरो टॉलरन्स', मारामारीला, शिवीला, गणवेशाला लावला. 1999मध्ये कॉलोराडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन गोऱ्या मुलांनी गोळीबार केला, आणि त्यानंतर शाळाशाळांत पोलिस, कॅमेरे, मेटल डिटेक्टर आले. ही व्यवस्था सगळ्यात दाट बसली ती शहरांतल्या काळ्या-लॅटिनो वस्त्यांतल्या शाळांत.

तिचा परिणाम टेक्ससनं मोजला. तिथं 2000 ते 2002 या वर्षांत सातवीत असलेल्या जवळजवळ दहा लाख मुलांच्या नोंदी पुढची काही वर्षं तपासल्या गेल्या. 2011च्या अहवालात दिसलं की बारावी होईपर्यंत जवळपास 60 टक्के मुलं एकदा तरी सस्पेंड झाली होती किंवा काढली गेली होती. कायद्यानं शिक्षा सक्तीचीच आहे, असे प्रसंग त्यात फक्त तीन टक्के होते. बाकी सगळं शाळेच्या मर्जीवर. त्या मर्जीच्या शिक्षा, इतर सर्व बाबी सारख्या धरल्या तरी, काळ्या मुलांना होण्याची शक्यता 31 टक्क्यांनी जास्त होती. सक्तीच्या शिक्षांत असं अंतर नव्हतं. वर्णाची तफावत शिरते ती शिक्षकाच्या आणि मुख्याध्यापकाच्या निवाड्यातून, हे टेक्ससनं इतक्या मोठ्या आकड्यांत दाखवून दिलं.

रिंगणात बसण्याची रीत

मग करायचं काय? याचं एक उत्तर शाळांच्या बाहेरून आलं.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. 1974मध्ये तिथं दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारी पाठवू. ते दोघं घरोघरी गेले, लोकांसमोर उभे राहिले, नुकसानीचा हिशेब केला आणि भरपाई केली. रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे विस्कटलेलं पुन्हा सांधणारा न्याय, याची आधुनिक सुरुवात या प्रसंगापासून सांगितली जाते. न्यूझीलंडनं 1989मध्ये माओरी समाजाच्या रीतीचा आधार घेऊन बालगुन्हेगारीचा कायदाच बदलला आणि मुलाचं कुटुंब व ज्याला झळ पोचली तो, यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. 1994मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मार्गरेट थॉर्सबॉर्न या समुपदेशक शिक्षिकेनं शाळेच्या नृत्यसमारंभातल्या एका गंभीर मारहाणीनंतर हीच पद्धत शाळेत आणली. पुढं ती अमेरिकेतल्या शाळांतही पोचली.

शाळेत ती अशी चालते. खुर्च्यांचं रिंगण, मध्ये टेबल नाही. हातोहात फिरणारी एक वस्तू: दगड, पीस, काहीही. ती ज्याच्या हातात तोच बोलतो, बाकीचे ऐकतात. भांडण झालेलं असेल तर प्रश्न ठरलेले असतात. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कोणाकोणाला झळ पोचली? आता हे निस्तरण्यासाठी काय करावं लागेल? शिक्षकही याच प्रश्नांची उत्तरं देतात. शेवटी जे ठरतं ते लिहून ठेवतात, आणि ते पाळलं का हे पाहणारा कोणीतरी नेमलेला असतो.

ही पद्धत मानणारे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: रिंगण भांडणानंतरच घेतलं तर फसतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या शाळांत ही रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर सगळी मुलं, काही बिघडलेलं नसताना, एकमेकांची ओळख व्हावी म्हणून नियमित रिंगणात बसतात. दुसऱ्या पायरीवर भांडणं आणि दुखावलेली नाती येतात. तिसऱ्यावर सस्पेन्शन संपवून किंवा बालसुधारगृहातून परतलेल्या मुलाला शाळेत पुन्हा सामावून घेण्याची बैठक होते. मुलगा परत येतो तेव्हा त्याचं नुसतं नाव हजेरीपटावर चढत नाही. त्याची वाट पाहणारी माणसं समोर बसलेली असतात.

ओकलंडची वाटचाल

ओकलंडमध्ये या कामामागे फानिया डेव्हिस उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. 15 सप्टेंबर 1963 रोजी तिथल्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी केलेल्या स्फोटात चार मुली मरण पावल्या. त्यातल्या दोघी त्यांच्या मैत्रिणी होत्या. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातल्या नामवंत कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस ही त्यांची थोरली बहीण. फानिया वकील झाल्या आणि अनेक वर्षं नागरी हक्कांचे खटले लढवले. सततच्या लढ्यानं आलेल्या थकव्यातून त्या आफ्रिकेतल्या पारंपरिक उपचारपद्धतींच्या अभ्यासाकडे वळल्या आणि पुढं रिस्टोरेटिव्ह जस्टिसकडे. 2005मध्ये त्यांनी 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस फॉर ओकलंड यूथ' ही संस्था उभी केली.

पहिला प्रयोग पश्चिम ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये झाला. बर्कली विद्यापीठाच्या विधी शाखेच्या अहवालानुसार तिथली सस्पेन्शन आधीच्या तीन वर्षांच्या तुलनेत सुमारे 87 टक्क्यांनी घटली. शाळा छोटी होती, बंद होण्याच्या वाटेवर होती आणि लवकरच बंदही झाली, त्यामुळं त्या आकड्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण 2010मध्ये शाळा-मंडळानं ही पद्धत आपलं धोरण म्हणून स्वीकारली. 2012मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाशी करार करून, कृष्णवर्णीय मुलांची सस्पेन्शन कमी करण्याची जबाबदारी लेखी घेतली. 2015मध्ये 'अवज्ञे'साठी सस्पेंड करणं थांबवण्याचा ठराव केला. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जून 2020मध्ये मंडळानं शाळांचं स्वतःचं पोलिस खातंच बरखास्त केलं. त्यासाठी 'ब्लॅक ऑर्गनायझिंग प्रोजेक्ट' या संघटनेतले पालक आणि विद्यार्थी कित्येक वर्षं झटत होते.

कॅलिफोर्निया राज्यही त्याच वाटेनं गेलं. 2014च्या कायद्यानं तिसरीपर्यंतच्या मुलांना 'अवज्ञे'च्या कलमाखाली सस्पेंड करायला मनाई झाली. 2019मध्ये ती आठवीपर्यंत वाढली, आणि जुलै 2024पासून बारावीपर्यंत लागू झाली.

पण 2019मध्ये ओकलंडचं शाळा-मंडळ पैशाच्या अडचणीत आलं तेव्हा कात्री लावायच्या यादीत रिस्टोरेटिव्ह जस्टिसचा कार्यक्रमही होता. ही पद्धत माणसांवर चालते. रिंगण घेणारा प्रशिक्षित माणूस शाळेत पूर्ण वेळ हवा, त्याचा पगार हवा, शिक्षकांना त्यासाठी तास मोकळा हवा. सस्पेन्शनला यातलं काहीच लागत नाही, एक अर्ज भरला की मूल दाराबाहेर. तंगीत सापडलेली व्यवस्था कोणीकडे झुकेल हे सांगायला नको.

उपयोग होतो का?

डेन्व्हरमध्ये 'पाद्रेस इ होवेनेस उनिदोस' या लॅटिनो पालक आणि तरुणांच्या संघटनेनं आंदोलन करून 2008मध्ये शाळांची शिस्तीची नियमावली बदलून घेतली आणि त्यात रिस्टोरेटिव्ह पद्धतीला जागा मिळवली. 2006 ते 2013 या काळात तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचं सस्पेन्शनचं प्रमाण 17.61 टक्क्यांवरून 10.42वर आलं आणि गोऱ्या मुलांचं 5.88वरून 2.28वर. अंतर जवळपास 12 टक्क्यांवरून 8वर आलं, ही जमेची बाजू. पण भागाकार करून पाहा. आधी काळं मूल गोऱ्याच्या तिप्पट सस्पेंड होत होतं, नंतर साडेचार पट. शिक्षा सगळ्यांच्याच घटल्या, पण गोऱ्यांच्या वेगानं घटल्या. हजारो काळी मुलं वर्गात राहिली हेही खरं, आणि उरलेल्या शिक्षा जास्त काळ्यांच्याच वाट्याला आल्या हेही खरं. नवी पद्धत आली तरी कोणाला रिंगणात बसवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हा निवाडा त्याच मोठ्या माणसांकडे राहतो. फानिया डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या या चळवळीवर हीच टीका केली आहे: वर्णाचा प्रश्न बाजूला ठेवून समेट घडवायला निघालात, तर जुनी विषमता नव्या पद्धतीत मुक्काम करते.

पिट्सबर्गमध्ये 'रँड' या संशोधन संस्थेनं 2015 ते 2017 अशी दोन वर्षं 44 शाळांत काटेकोर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीनं निम्म्या शाळा निवडून त्यांना ही पद्धत दिली. या शाळांत सस्पेन्शनपायी बुडालेले दिवस 36 टक्क्यांनी घटले, उरलेल्या शाळांत 18 टक्क्यांनी. काळ्या आणि गोऱ्या मुलांमधलं अंतरही कमी झालं. शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले, आणि आमच्या वर्गात शिस्त कमी झाली असं खुद्द मुलांनीच सांगितलं. मेन राज्यातल्या माध्यमिक शाळांच्या प्रयोगात कार्यक्रम राबवलेल्या आणि न राबवलेल्या शाळांत सांगण्याजोगा फरकच दिसला नाही. मात्र ज्या मुलांना असा अनुभव खरोखर मिळाला असं ती स्वतः सांगत होती, त्यांचं शाळेशी नातं चांगलं होतं. कागदावरचा कार्यक्रम आणि मुलापर्यंत पोचलेला कार्यक्रम यांतलं अंतर तिथं मोजलं गेलं.

शिकागोचा अभ्यास सगळ्यात ठोस आहे. 2023मध्ये तो शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञ अंजली अडुकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. भारतातल्या शाळांत स्वच्छतागृहं बांधल्यावर मुलामुलींची पटसंख्या कशी वाढली, याचा गाजलेला अभ्यास याच अडुकियांचा. शिकागोच्या हायस्कुलांत 2013-14पासून ही पद्धत टप्प्याटप्प्यानं आली होती. तिथं सस्पेन्शनचे दिवस सुमारे 18 टक्क्यांनी घटले. शाळेबाहेर पोलिसांनी मुलांना अटक करण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी घटलं. फायदा मुख्यतः काळ्या मुलांना झाला, आणि सगळ्यांचे गुण होते तिथंच राहिले, घसरले नाहीत. शाळेबाहेरचे पोलिस मुख्याध्यापकांच्या धोरणावर चालत नाहीत. त्यामुळं रस्त्यावरची अटक घटली, याचा अर्थ मुलांचं वागणंच बदललं असा घ्यावा लागतो.

ओकोनोफुआ यांचा आणखी एक प्रयोग इथं नोंदवायला हवा. 2016मध्ये त्यांनी पाच माध्यमिक शाळांतल्या 31 गणित शिक्षकांसोबत काम केलं. मुलांबद्दल सहानुभूती ठेवून, त्यांना समजून घेत शिस्त कशी लावता येते, यावर त्यातल्या एका गटानं थोडं वाचलं, थोडं लिहिलं, एवढंच. वर्षाअखेरीस दुसऱ्या गटातल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी 9.6 टक्के सस्पेंड झाले होते, या गटाच्या विद्यार्थ्यांपैकी 4.8 टक्के, म्हणजे निम्मे. मुलांना कोणी काहीच शिकवलं नव्हतं. बदललं ते शिक्षकांचं पाहणं.

शिक्षकांचं गाऱ्हाणं आणि वॉशिंग्टनचा लंबक

शिक्षकांची तक्रार ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वर्गात तीस मुलं आहेत, एकानं खुर्ची भिरकावली, आणि ऑफिसनं त्याला दहा मिनिटांत परत पाठवलं, हातात चिप्सचं पाकीट देऊन. रिंगण घेणारं कोणी शाळेत नाही, प्रशिक्षण एका दुपारच्या सत्रापुरतं झालेलं, पण सस्पेन्शनचा आकडा खाली दिसला पाहिजे असा वरून दबाव. अशा शाळेत शिक्षक चिडतात यात त्यांचा दोष नाही. खुर्ची जिच्या बाजूला पडली त्या मुलीलाही न्याय मिळत नाही, आणि ती मुलगीही बहुधा काळीच असते. सस्पेन्शन नुसतं बंद करून त्याच्या जागी काही न ठेवणं याला रिस्टोरेटिव्ह म्हणत नाहीत. त्याला मुलांना वाऱ्यावर सोडणं म्हणतात.

या खऱ्या तक्रारीवर राजकारणाचे हेलकावे बसले. जानेवारी 2014मध्ये ओबामा सरकारनं शाळांना पत्र लिहून बजावलं की शिक्षेत वर्णाची तफावत दिसली तर नागरी हक्क कायद्याखाली चौकशी होऊ शकते. फेब्रुवारी 2018मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांच्या काळात ते पत्र मागं घेतलं गेलं. मार्च 2025मध्ये शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाची बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद करण्याची घोषणा झाली. ओकलंडसारख्या शहरांवर देखरेख करणारं सॅन फ्रान्सिस्कोचं कार्यालय त्यातच होतं. 23 एप्रिल 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शाळेतल्या शिस्तीबद्दल आदेश काढला. शिक्षेच्या आकड्यांत वर्णवार तफावत दिसते एवढ्यावरून शाळांना जाब विचारण्याचं जुनं धोरण त्यानं उलटं फिरवलं.

म्हणजे यापुढं वॉशिंग्टन हे आकडे पाहून हस्तक्षेप करील, याची आशा थोडीच. आता भिस्त गावोगावच्या शाळा-मंडळांवर आहे, आणि त्या मंडळांच्या बैठकांना येऊन बसणाऱ्या पालकांवर.

मराठी वाचकांसाठी

ओकलंडपासून तासाभराच्या अंतरावर फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे आहेत. तिथं हजारो मराठी कुटुंबं राहतात. शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात, गणपती बसतात, दिवाळी अंकही काही घरांत पोचतात. अमेरिकेत आशियाई वंशाची मुलं सगळ्यात कमी प्रमाणात सस्पेंड होतात. म्हणून या घरांतून शाळेतल्या शिक्षेचा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. आपलं मूल ऑनर्सच्या वर्गात आहे, दंगेखोर मुलं बाहेर गेली तर बरंच, असंही कुठं कुठं ऐकू येतं.

पण शिक्षकाचा पहिला अंदाज आपल्या मुलांच्या बाजूनं झुकतो तो याच व्यवस्थेत, आणि शेजारच्या बाकावरच्या काळ्या मुलाच्या विरुद्ध झुकतो तोही याच व्यवस्थेत. ज्या पालकांचा मान तिथं राखला जातो, त्यांच्या प्रश्नाला वजन असतं. त्या पालकांनी शाळा-मंडळाच्या बैठकीला जावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी कोणत्या वर्णाची किती मुलं किती दिवस घरी पाठवली गेली? त्यातली किती 'उद्धटपणा'सारख्या, मोजता न येणाऱ्या कारणांसाठी? आणि रिंगण घेणाऱ्या माणसाचा पगार यंदाच्या अंदाजपत्रकात आहे का?

आजवरच्या अभ्यासातून जे कळलं ते थोडक्यात एवढं आहे. वर्णाची तफावत सगळ्यात जास्त वाढते ती मोठ्या माणसाच्या घाईच्या निवाड्यात. ती कमी करण्याचे मार्ग आता माहीत झाले आहेत: मोघम कलमं रद्द करणं, कृष्णवर्णीय शिक्षक नेमणं, शिक्षकांना वेळ आणि प्रशिक्षण देणं, रिंगणासाठी पूर्ण वेळ माणूस ठेवणं, आणि दरवर्षी आकडे सगळ्यांसमोर मांडणं. या सगळ्याला पैसे लागतात. ते न देता पद्धतीचं फक्त नाव घेणाऱ्या शाळा फसल्या, आणि पुढंही फसतील. शाळेनं आधी मोठ्या माणसांना शिस्त लावावी आणि मग मुलांकडे वळावं. अंदाजपत्रकाच्या बैठकीत पालकांनी ही मागणी उभं राहून करायला हवी, आणि ती मान्य होईपर्यंत दर वर्षी करायला हवी.